बाबांच्या डायरीतले जीपीएस आकडे मॅपवर भलतीकडे का पडतायत?

पाजपंढरीकर:
बाबा हर्णैला तांडेल (मासेमारी बोटीचे प्रमुख) होते, जिथं जिथं जाळं अडकून फाटलं त्या खडपांचे (पाण्याखालच्या खडकांचे) जीपीएस आकडे त्यांनी डायरीत लिहून ठेवलेत. आता धाकटा भाऊ बोट घेऊन जातो म्हणून मी ते मोबाईलच्या मॅपवर टाकतोय पण पॉइंट भलतीकडेच जातात. एक बघा, डायरीत आहे १७ ४८.७५० आणि ७३ ०२.४००, मी टाकलं १७.४८७५०, ७३.०२४०० तर पिन गेली थेट गुहागरसमोर. बाबा म्हणतात हे खडप सुवर्णदुर्गाच्या बाहेर आहे. पानं विरत चाललीत हो, कोणीतरी लवकर सांगा.

सड्यावरचा:
दादा, आकडे बरोबर आहेत, वाचताना चुकलंय. १७ हे अंश, ४८.७५० ही मिनिटं, आणि अंशात मिनिटं ६० असतात, १०० नाही. म्हणून ४८.७५० भागिले ६०, येतं ०.८१२५. तसंच ०२.४०० चं ०.०४. आता १७.८१२५, ७३.०४ टाका. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १८५२ मीटर, त्यामुळे पिन छत्तीसेक किलोमीटर दक्षिणेला घसरली. गूगल मॅप्सला मधे स्पेस ठेवून १७ ४८.७५०, ७३ ०२.४०० असंच टाकलं तरी कळतं.

जयगडवाला:
यात भर, एखाद्या पानावर १७ ४८ ४५ असे तीन तुकडे असतील तर शेवटचे सेकंद, ते ३६०० ने भागायचे. ४५ सेकंद म्हणजे पाऊण मिनिट, म्हणजे तीच जागा. आणि केएमएल फाइल (मॅपवर सगळ्या पिना एकदम टाकायची फाइल) बनवणार असाल तर तिथं रेखांश आधी लिहायचा, उलटं झालं की पिन नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात.

भरतीओहोटी:
नोंदींवर तारखा आहेत का ते बघा. मे २००० च्या सुरुवातीपर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या जीपीएसचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायची, शंभरेक मीटरची चूक सहज यायची. तेव्हाच्या खडपांभोवती मोठं वर्तुळ काढा, जाळं त्याच्या बाहेरच. आणि बाबांनी किती वाव (खोलीचं माप, साधारण सहा फूट) पाणी लिहिलंय तेही प्रत्येक पिनला जोडा, मोबाईलच्या मॅपवर खोली कळत नाही.

पाजपंढरीकर:
भागून टाकलं, पिन बरोबर सुवर्णदुर्गाच्या पश्चिमेला आली! बाबांनी बघितलं आणि लगेच पुढचं पान काढून दिलं. १९९९ ची आठ खडपं निघाली, ती लाल रंगात टाकतोय, वाव पण लिहितोय. खूप आभार सगळ्यांचे.