चिपला चिकटवलेला हीटसिंक काढावा की आहे तसाच राहू द्यावा?

सातपूर, नाशिक (चर्चेची सुरुवात)
आमच्या वर्कशॉपमधील यंत्राचे नियंत्रक कार्ड नव्या मदरबोर्डवर बसत नाही, म्हणून जुना संगणक आणि त्यातील एजीपी (जुन्या प्रकारच्या स्लॉटमध्ये बसणारे) ग्राफिक्स कार्ड आम्ही जिवापाड जपले आहे. मे महिन्यात त्या कार्डाचा पंखा जाम झाला. पंखा हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांतच बसवलेला आहे आणि हीटसिंक चिपवर इपॉक्सीने (वाळल्यावर कडक होणाऱ्या गोंदाने) चिकटवलेला आहे. स्क्रू नाही, पिन नाही. एका दुरुस्तीवाल्याने फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून तो उचकटायला घेतला, तेव्हा मी त्याचा हात धरला, कारण टोकाखाली बोर्डावरच्या बारीक तारा होत्या.

माझे मत असे की हीटसिंक काढावा, पण गारठवून आणि पिळून. कार्ड पिशवीत हवाबंद करून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवावे. उणे 18 अंशांच्या आसपास इपॉक्सी ठिसूळ होते, शिवाय अॅल्युमिनिअम चिपपेक्षा जास्त आकसत असल्यामुळे सांध्यावर आधीच ताण येतो. मग पिशवीतूनच हीटसिंक धरून तो डावी-उजवीकडे थोडा थोडा पिळावा. वर मात्र मुळीच ओढू नये.

गंगापूर रोड
मला हे मान्य नाही. चिप बोर्डावर शेकडो सोल्डरच्या गोळ्यांवर उभी असते आणि जुन्या इपॉक्सीची पकड कित्येकदा त्या गोळ्यांखालच्या तांब्याच्या ठिपक्यांपेक्षा घट्ट असते. मी स्वतः एका कार्डावरचा छोटा हीटसिंक असाच पिळला, तेव्हा तो मेमरी चिपसकट हातात आला आणि बोर्डावर ठिपक्यांच्या जागी फिकट खड्डे उरले. ते कार्ड पुन्हा उभे राहिले नाही. बिघाड पंख्यात आहे, हीटसिंकमध्ये नाही. बंद पंखा सोडवावा, पात्यांतील धूळ ब्रशने काढावी आणि 80 मिलिमीटरचा पंखा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी वरून बांधावा. चालू वस्तूची चिरफाड करण्यात काय शहाणपण?

नाशिकरोड
दोघांनीही गोंद कोणता आहे हे पाहण्याआधीच मत बनवले आहे, असे मला वाटते. हीटसिंकच्या कडेला बाहेर आलेल्या थरावर नख दाबून पाहा. नख रुतले तर ती थर्मल टेप (उष्णता वाहून नेणारी चिकटपट्टी) आहे आणि तिला फ्रीझरची गरज नाही: हेअर ड्रायरने हीटसिंक हाताला चटका बसेल इतका तापवावा आणि दात साफ करण्याचा नायलॉनचा धागा फटीत घालून करवतीसारखा चालवावा. तापवण्याची भीती बाळगू नये. शिसे असलेले सोल्डर 183 अंशांना आणि शिसेविरहित साधारण 217 अंशांना वितळते, त्याच्या जवळपासही आपण जात नाही. नख रुतलेच नाही तर इपॉक्सी, आणि तेव्हा फ्रीझर ठीक. पण नाशिकच्या पावसाळ्यात गार कार्ड लगेच पिशवीबाहेर काढले तर त्यावर दव धरते. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ते पिशवीतच राहू द्यावे आणि नंतरही काही तास वाळू द्यावे.

सातपूर, नाशिक
नख दाबून पाहिले. थर दगडासारखा आहे, म्हणजे इपॉक्सीच. पंखा वरून बांधण्याची सूचना मला आवडली होती, पण आमच्या संगणकात ती चालत नाही. दोन स्लॉटमधील अंतर साधारण 20 मिलिमीटर असते, 80 मिलिमीटरचा पंखा बहुधा 25 मिलिमीटर जाड असतो, आणि शेजारच्याच स्लॉटमध्ये नियंत्रक कार्ड आहे.

म्हणून काल प्रयत्न केला. तीन तासांनी काही हलले नाही आणि मी जोर वाढवला नाही. रात्रभर ठेवल्यावर आज सकाळी चौथ्या-पाचव्या हेलकाव्याला बारीक ‘टक्’ आवाज झाला आणि हीटसिंक मोकळा झाला. अर्धा थर चिपवर राहिला आहे. तो ब्लेडने नव्हे, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावत खरवडतो आहे. बोर्डाला पिनांसाठी दोन भोके आहेत, त्यामुळे नवा हीटसिंक उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून पिनांवरच बसवीन.

गंगापूर रोड
आपल्याकडे जागाच नव्हती, हे कारण मला पटले. जागा असेल तर हीटसिंकला हात लावू नये, हे माझे मत मात्र कायम आहे. एक विनंती: मेमरी चिपवरही छोटे हीटसिंक चिकटवलेले असतील तर ते तसेच राहू द्या. त्या चिपा लहान आणि त्यांची बोर्डावरची पकड कमी, त्यामुळे पिळताना आधी चिपच सुटते.

सातपूर, नाशिक
तसे दोन आहेत. त्यांना हात लावणार नाही.