मदत हवी आहे: कथक शिकणाऱ्या लेकीला संबळ शिकायचाय

मंडळी, नमस्कार. आम्ही अंबाजोगाईचे. लेक कथक शिकते, मध्यमा परीक्षा पूर्ण झाली, आता पुढच्या विशारद परीक्षेची तयारी चालू आहे. पण तुळजापूरला गोंधळ बघून आल्यापासून तिला संबळावर, म्हणजे गोंधळ्यांच्या त्या जोडवाद्यावर, कथक बसवायचंय. म्हणते, "आई, कथकच्या तुकड्यांना नुसता संबळाचा ठेका लावायचा नाही. गोंधळी दिवटी घेऊन कसा वळतो, भार कोणत्या पायावर टाकतो, तिथून सुरुवात करायची." रात्री पाटावर बोटांनी संबळ आणि तोंडानं तीनतालाच्या 16 मात्रा चालू असतात. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, जुळलं की घरभर ओरडा!

तिच्या बाई म्हणतात, आधी विशारद, प्रयोग नंतर. मला पटतं. अर्धवट रियाजावर रचना उभी राहत नाही. पण तोवर संबळ शिकायला काय हरकत आहे?

लातूर, बीड, धाराशिव भागात मुलींना संबळ शिकवणारे परंपरेतले कुणी गोंधळी माहीत आहेत का? बिदागीचं कसं बोलावं? संभाजीनगरच्या महागामीत कथक, ओडिसी गुरुकुल पद्धतीनं शिकवतात. तिथं कुणाची मुलं असतील तर राहण्याची सोय, दिनक्रम कळवा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्रही डोक्यात आहे, पण ते बारावीनंतर.

आणि हो, ती शहाबादी फरशीवर तत्कार (कथकचं पायाचं काम) करते, हल्ली नडग्या दुखतात. दगड दणका जिरवत नाही, सगळा पायावर येतो. सुतार लाकडी फळ्यांचा चौथरा करून देतो म्हणतोय. कुणी करून घेतलाय का? फळ्यांखाली काय घातलं?