पुराचा क्लेम नाकारला, मग तुम्ही काय केलंत?

वाशिष्ठीकाठ: आज समोरच्या घरी विम्याचा सर्व्हेअर आलेला पाहिला आणि २२ जुलै २०२१ आठवला. तेव्हा आमच्या चिपळूणच्या घराचा क्लेम नाकारला होता. कारण काय, तर 'भिंतीतली ओल जुनी, हळूहळू झिरपलेली'! अख्खा तळमजला वाशिष्ठीत बुडाला होता. बाबा म्हणाले, सोड आता. मी नाही सोडलं. नकार लेखी घेतला, सर्व्हे रिपोर्टची प्रत मागितली. रिपोर्टमध्ये तलाठ्याच्या पंचनाम्याचा उल्लेखच नव्हता. तो पंचनामा आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो जोडून आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि तिथे दाद लागली नाही तेव्हा पुण्याला विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकून निकाल देतात ते) गेले. फी नाही, वकील लागत नाही. बराचसा पैसा मिळाला. तुमचेही अनुभव लिहा, कुणाच्या तरी कामी येतील.

कृष्णाकाठची: सांगली, २०१९. आमची बँकेने कर्जासोबत काढलेली फायर पॉलिसी. त्यात पुराचं कलमच वगळलेलं! तेव्हा तसं वगळून हप्ता कमी करता यायचा. आम्हाला कुणी सांगितलं नाही. लोकपालांकडे जायचं असतं हेही आज कळतंय.

मध्या: एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही घराच्या विम्याची ठरावीक पॉलिसी आहे ना, त्यात पूर धरलेलाच असतो. घराचा विमा असेल तर सामानालाही घराच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, वेगळी यादी न देता. पण बँकेची पॉलिसी नेमकी कुठली ते बघा. बऱ्याचदा फक्त भिंती आणि छप्पर.

सावित्री_महाड: क्लेमचं नाही, पण चिखल आठवला. तो वास दिवाळीपर्यंत गेला नव्हता. कुठून कुठून लोक भाकऱ्या घेऊन आले होते, नावंही विचारली नाहीत त्यांची. लग्नाचा अल्बम गेला तो गेलाच.

कृष्णाकाठची: @सावित्री अगं, आमचाही. नणंदेकडे काही फोटो होते म्हणून वाचले.

सिंहगडरोडकर: पुण्यातली एकता नगरी, जुलै २०२४ चा पूर. सर्व्हेअर फ्रिज-वॉशिंग मशीनची मूळ बिलं मागतोय. अहो, बिलं त्याच कपाटात होती! अजून लटकलंय.

वाशिष्ठीकाठ: @सिंहगडरोडकर बँक स्टेटमेंट काढा. दुकानदाराकडे मोबाइल नंबरवरून डुप्लिकेट बिल मिळतं. वाढदिवसाच्या फोटोत मागे फ्रिज दिसत असेल तर तोही जोडा, आम्ही जोडला होता. आणि कंपनीला लेखी तक्रार आजच द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही तरी लोकपालांकडे जाता येतं. नकार आला तर त्यापासून एका वर्षाच्या आत जायचं, तेवढं चुकवू नका.

मध्या: आणि लोकपालांचा निकाल पटला नाही तर आपल्याला ग्राहक आयोग मोकळा. कंपनीला मात्र निकाल पाळावा लागतो. गाडी बुडाली असेल तर चालू करून बघू नका हं कुणी, इंजिनात पाणी ओढलं जातं आणि क्लेमवरून वाद होतो.

पेठमापची: वाशिष्ठीकाठ, तुम्ही खेंडीतल्या का? तुमच्या आईंकडे मी शिवण शिकायचे बहुतेक!

वाशिष्ठीकाठ: अय्या, हो! आई आता माझ्याकडेच असते. सांगते तिला, खूश होईल. मशीन नवीन घेतलं तिने.

सिंहगडरोडकर: ताई, तक्रारीच्या पत्राचा नमुना मिळेल का?

वाशिष्ठीकाठ: व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पॉलिसी नंबर आणि घटनेची तारीख तुमची घाला, आणि पोचपावती घेतल्याशिवाय हलू नका तिथून.