प्रोटीन 'स्थिर' पण आणि 'लवचीक' पण, असं मराठीत म्हणता येतं का?

रानजाई: शाळेतल्या मुलांसाठी गरम झऱ्यातल्या जिवाणूंवर लेख लिहितेय. 'यांची प्रोटीनं स्थिर असतात आणि लवचीकही' असं लिहिलं तर संपादक म्हणाले, स्थिर म्हणजे न हलणारं, मग लवचीक कसं, एक काहीतरी ठेवा. पण सगळी गंमत तिथेच आहे ना! अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यातला जिवाणू थर्मस अ‍ॅक्वाटिकस, ब्रॉक आणि फ्रीझ या शास्त्रज्ञांनी १९६९ साली त्याच्यावर लिहिलं, त्याचं टॅक पॉलिमरेज हे प्रोटीन पीसीआरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत डीएनएच्या प्रती काढताना, ९५ अंशाला तग धरतं आणि ७२ अंशाला डीएनएची नवी साखळी जोडत नेतं, आणि जोडायचं तर त्याला उघडमीट करावीच लागते. स्टेबलला दुसरा शब्द आहे का?

खडूफळा: स्थिरच बरोबर. स्थिर सरकार म्हणजे पडत नाही ते, हलत नाही असं कुठे म्हणतो आपण? आणि प्रोटीन काय, प्रथिन लिहा.

पाणवठा: चिवट! आजी चिंचेच्या फोकाला चिवट म्हणायची, कितीही वाकवा मोडत नाही.

रानजाई: चिवट आवडला, पण अडचण अशी की टॅक ३७ अंशाला ताठ असतं, काम अगदी मंद. तापलं की मोकळं होतं. आपल्या शरीरातल्या एन्झाइमला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रोटीनला, ३७ ला जेवढी लवचिकता तेवढीच याला ७० च्या आसपास, असं बरेच अभ्यासक मानतात. चिंचेचा फोक काही थंडीत ताठ नि उन्हात मऊ होत नाही.

खडूफळा: एन्झाइम नाही, विकर. पाठ्यपुस्तकात आहे.

पाणवठा: सर, विकर म्हटलं की आधी एन्झाइम म्हणून सांगावं लागतं, मग उपयोग काय? शब्द लोकांच्या तोंडी हवा.

सुताराचा_पोर: मी लॅबमध्ये काम करतो. सगळं प्रोटीन सारखं ताठ नसतं. बाज बघा, चौकट घट्ट आणि वीण लवते. झऱ्यातल्या जिवाणूंच्या प्रोटीनमध्ये गाभा ठासून भरलेला, बाहेर लोंबणारे साखळीचे फास बऱ्याचदा आखूड, पृष्ठभागावर धन-ऋण भारांच्या जोड्या जास्त, आणि जिथे काम चालतं ती जागा मात्र हलती. पण प्रत्येक प्रोटीनची युक्ती वेगळी, एकच नियम लावू नका. मी 'न उसवणारं' म्हणेन. उष्णतेने प्रोटीनची साखळी तुटत नाही हो, तिची घडी उसवते.

खडूफळा: उसवते शिवण. घडी मोडते.

सुताराचा_पोर: मोडते म्हटलं की मुलांना तुकडे झाले वाटतं.

कोकणकडा: ताई, 'गरम झरा' तरी का म्हणता? आमच्याकडे उन्हाळे म्हणतात. राजापूरजवळ उन्हाळे गावच आहे, दापोलीकडे उन्हवरे, दोन्हीकडे गरम पाणी. ऊन पाणी, ऊन ऊन भात, त्यातलंच ते. सरळ 'उन्हाळ्यातले जिवाणू' लिहा.

पाणवठा: घाटावरची पोरं मे महिना समजतील.

रानजाई: लेख उद्या द्यायचाय, 'न उसवणारं पण लवणारं' कसं वाटतं?

कोकणकडा: लवणारं चालेल. पण उन्हाळे नपुंसकलिंगी आहे, ते उन्हाळे, तो उन्हाळा नव्हे, मुलांना तेवढं समजतं.