परक्या देव्हाऱ्यासमोर : खेड्यातल्या मुक्कामाचे अनुभव

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या आणि तिथल्या खेड्यात एखाद्या कुटुंबात राहिलेल्या मुलामुलींना एकच विनंती केली होती : त्या घरातली श्रद्धा आणि शांतता तुम्ही जवळून कशी पाहिली, ते लिहा. प्रवासवर्णन नको, घरातले लिहा.

*

मी वसईची, कॅथलिक घरात वाढलेली. जपानी भाषा शिकत असताना २०२५ च्या ऑगस्टमध्ये नागासाकी प्रांतातल्या गोतो बेटांपैकी फुकुए बेटावर एका शेतकरी कुटुंबात दहा दिवस राहिले. बोट पकडण्याआधी नागासाकी शहरातल्या निशिझाका टेकडीवर मुद्दाम गेले, कारण ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथे श्रद्धेपायी क्रुसावर चढवलेल्या सव्वीस ख्रिस्ती हुतात्म्यांत आमच्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते. यजमान आजींना त्या सव्वीस जणांची नावे पाठ होती. त्यांतला एक भारतातला, हे मात्र त्यांना माझ्याकडूनच कळले. त्या दिवसापासून मी पाहुणी उरले नाही, वाडीतलीच कुणीतरी झाले.

आजींचे पूर्वज अठराव्या शतकाच्या अखेरीस नागासाकीजवळच्या सोतोमेहून या बेटांवर आलेल्या, लपून ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या शेतकऱ्यांपैकी. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि ती १८७३ पर्यंत टिकली. त्यातली दोनशेहून अधिक वर्षे ना धर्मगुरू होते ना चर्च. अशी कुटुंबे कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, मूर्तीत मारिया पाहून प्रार्थना करत. समोरच्या हिसाका बेटाकडे बोट दाखवून आजींनी १८६८ सालची हकिगत सांगितली : सुमारे वीस चौरस मीटरच्या एका घरात दोनशे माणसे आठ महिने कोंडली होती आणि त्यांतली बेचाळीस दगावली. सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. सुकवलेल्या रताळ्याचा आणि चिकट तांदळाचा कांकोरो मोची त्या त्याच वेळी कापत होत्या, आणि प्रत्येक चकती सारख्याच जाडीची पडत होती. हिवाळ्यात रताळी कापून, उकडून, वाऱ्यावर वाळवतात असे त्या म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना आमच्या आगाशीकडच्या सुकेळ्यांविषयी सांगितले. धर्मापेक्षा त्या विषयावर आम्ही जास्त बोललो, हे कबूल करते.

९ ऑगस्टला सकाळी टीव्हीसमोर सगळे जमले. नागासाकी शहरातल्या उराकामीच्या कॅथीड्रलच्या दोन घंटांपैकी एक १९४५ च्या अणुबॉम्बनंतर ढिगाऱ्यात शाबूत सापडली होती; दुसरीच्या जागी अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली आणि त्या दिवशी ११ वाजून २ मिनिटांनी दोन्ही पहिल्यांदा एकत्र वाजल्या. त्या धर्मग्रामातल्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० च्या आसपास बॉम्बने मेले होते. आजींनी गॅस बंद केला, उभ्या राहिल्या, क्रुसाची खूण केली. क्षमेविषयी काही विचारावे असे माझ्या मनात घोळत होते, पण त्यांनी हात वर करून मला गप्प केले : जुनी घंटा कुठली आणि नवी कुठली, हे त्यांना कानाने ओळखायचे होते.

*

मी अमेरिकेत वाढले, मराठी घरी आईकडून शिकले. कॉलेजच्या एका सत्रात सेनेगलमधल्या एका खेड्यात मुस्लिम कुटुंबात राहिले. जेवण एकाच मोठ्या परातीत. प्रत्येकाने आपल्या समोरचेच खायचे आणि यजमान बाईने भाजी, मासा तोडून पाहुण्याच्या बाजूला सारायचा. मी शाकाहारी, त्यामुळे गाजर आणि कोबी गुपचूप माझ्याकडे सरकत असत. गुड फ्रायडेला शेजारच्या ख्रिस्ती घरातून बाजरी, शेंगदाणे आणि गोरखचिंचेच्या गराचा न्गालाख भरलेला टोप आला. बकरी ईदेला इकडून तिकडे मटण जाते. मी त्याला ‘सर्वधर्मसमभाव’ म्हणायला गेले, तर बाईंना शब्द समजला नाही. रिकामा टोप परत कधी द्यायचा, एवढीच त्यांची चिंता होती.

*

मी नागपूरचा, आंबेडकरी बौद्ध घरातला. श्रीलंकेत शिकताना अनुराधापुराजवळच्या एका खेड्यात मे महिन्यात तीन आठवडे राहिलो. पहिल्याच पोयाला, म्हणजे पौर्णिमेच्या सणाला, सगळे घर पांढऱ्या कपड्यांत विहारात गेले आणि माझ्या आजीच्या तोंडची, अक्षर न अक्षर तीच पाली वचने कानावर आली : ‘बुद्धं सरणं गच्छामि’. डोळे भरून आले, हे लिहायला संकोच वाटत नाही. मात्र पुढच्याच घटकेला यजमान बाई सैन्यातल्या मुलासाठी बोधिवृक्षाला पाणी घालून आशीर्वाद मागू लागल्या आणि मी आतून आखडलो. आमच्याकडे बुद्धाजवळ काही मागत नाहीत. हा माझा अहंकार होता की शिकवण, याचा निवाडा अजून झालेला नाही.

त्या घरात ‘सामय’, म्हणजे शांतता, हा शब्द २००९ च्या मे महिन्यासाठी वापरत. त्या महिन्यात तमिळ बंडखोरांशी चाललेले युद्ध संपले आणि मुलगा जिवंत परतला. पुढे कोलंबोत एका तमिळ वर्गमैत्रिणीने मला मीठ घातलेल्या भाताच्या कांजीची वाटी दिली. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत ईशान्य किनाऱ्यावरच्या मुळ्ळिवाय्क्काल इथे अडकलेली तमिळ माणसे त्यावरच जगली होती, म्हणून त्याच मे महिन्यात मेलेल्यांच्या आठवणीसाठी ती करतात. दोघींचाही महिना एकच होता. निरोप घ्यायला मी पुन्हा खेड्यात गेलो, तेव्हा यजमान बाईंनी दूधभात केला होता. कांजीचे त्यांना सांगायचे असे ठरवून गेलो होतो; दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा भाताचेच कौतुक करून बसलो.