पश्चिमेच्या स्लायडिंगला सन कंट्रोल फिल्म: कुठली घ्यावी, आणि काच तडकते हे खरं का?

पळसपान (नागपूर)

फ्लॅट चौथ्या मजल्यावर, वर अजून तीन मजले आहेत, त्यामुळे स्लॅब तापण्याचा प्रश्न नाही. त्रास पश्चिमेचा. हॉलला सात बाय सातचा थ्री-ट्रॅक स्लायडिंग दरवाजा आहे (दोन काचेचे पल्ले, एक जाळीचा), बाहेर चार फूट खोल बाल्कनी. बेडरूमला पाच बाय चारची खिडकी, वर दीड फुटाचा छज्जा. काच सगळीकडे साधी, ५ मिमी पांढरी. हॉलमध्ये दीड टनाचा एसी, बेडरूममध्ये कूलर, तो दक्षिणेच्या खिडकीत.

एक दुकानदार काळी फिल्म दाखवतो आणि ‘९९ टक्के यूव्ही कट’ म्हणतो. दुसरा सिरॅमिक (म्हणजे सिरॅमिकचे सूक्ष्म कण असलेली फिल्म) दाखवतो, ‘९० टक्के हीट कट’ म्हणतो आणि जवळपास चौपट दर सांगतो. सोसायटीला आरशासारखी काच चालत नाही. विचारायचं ते असं:

१. या दोन्हींत खरा फरक किती?
२. फिल्म लावल्यावर काच तडकते म्हणतात, ते कितपत खरं?
३. घरच्या घरी लावता येते का?

---

उष्णांक

दोन्ही दुकानदार आकडे खरेच सांगताहेत, पण तुम्हाला हवा तो आकडा दोघंही सांगत नाहीत.

उन्हातल्या ऊर्जेत अतिनील (यूव्ही) किरणांचा वाटा ३ ते ५ टक्के. साधारण ४५ टक्के दिसणारा प्रकाश आणि उरलेली निम्मी इन्फ्रारेड. म्हणजे नुसती ९९ टक्के यूव्ही अडवूनही खोली जवळजवळ तितकीच तापणार. ‘९० टक्के हीट कट’ हा बहुतेक वेळा फक्त इन्फ्रारेडचा आकडा असतो, आणि तोही ९०० ते १००० नॅनोमीटरच्या छोट्या पट्ट्यात मोजलेला. दुकानात लाल बल्बसमोर काच धरून हात लावायला सांगतात, तो खेळही याच जातीचा. बल्ब जवळजवळ सगळी इन्फ्रारेडच फेकतो, ऊन तसं नसतं.

मागायचा आकडा टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती टक्के आत येत नाही. साध्या ५ मिमी काचेचा टीएसईआर १७ च्या आसपास. काळी रंगीत फिल्म ३० ते ४०, चांगली सिरॅमिक ५० ते ६०, चांदीसारखी चकचकीत फिल्म ७५ च्या पुढे. चकचकीत तुम्हाला चालत नाही, तेव्हा ती यादीतून गेली. सोबत व्हीएलटी बघा, म्हणजे उजेड किती टक्के आत येतो. काळीचा २० ते ३५ असेल, तर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागेल आणि गरमी मात्र सिरॅमिकपेक्षा जास्तच येईल.

आता तुमचा हिशोब. मे महिन्यात दुपारी ४ च्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला ढोबळ ६०० वॅट ऊन पडतं. साध्या काचेतून त्यातलं ५०० वॅट आत येतं, ५५ टीएसईआरच्या फिल्ममधून २७०. फरक २३० वॅटचा. दरवाज्याची ३ चौरस मीटर काच उन्हात असेल तर ७०० वॅट वाचले. एसीचा एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट, त्यामुळे तुमच्या दीड टनावरचा सुमारे ०.२ टन भार उतरतो. हे उन्हाच्या तीन-साडेतीन तासांपुरतं. चांगला फरक आहे, पण ‘एसीच लागणार नाही’ वगैरे कोणी सांगत असेल तर उठून यावं.

आणखी एक गोष्ट फिल्म करत नाही. बाहेर ४५ अंश आणि आत २७ असताना नुसत्या हवेच्या फरकामुळेही काचेतून चौरस मीटरला शंभरेक वॅट आत येतात. साध्या फिल्मने त्यात जवळजवळ काहीच बदल होत नाही.

---

गजपट्टी

उष्णांक यांच्या हिशोबाला सूर्याच्या जागेची जोड देतो. नागपुरात मेच्या मध्याला ४ वाजता सूर्य क्षितिजावर ३६ अंश असतो, ५ वाजता २२. दीड फुटाचा छज्जा ४ ला खिडकीचा वरचा जेमतेम एक फूट झाकतो, ५ ला सात इंच. पश्चिमेला छज्जा म्हणजे नसल्यासारखाच. दक्षिणेला उलट: एप्रिलपासूनच दुपारचा सूर्य इतका डोक्यावर असतो की छोटा छज्जाही पुरतो. म्हणून ‘घरभर फिल्म लावा’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, दक्षिणेच्या खिडकीवर तो खर्च वाया जाईल.

आता तडकण्याबद्दल. खरं आहे, पण सगळ्याच फिल्मबाबत नाही. फिल्म ऊन दोन तऱ्हांनी अडवते, परतवून किंवा शोषून. शोषलं की काच तापते. मधला भाग तापून फुगू पाहतो आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसलेली कड थंड राहते. त्या ओढाताणीत साधी काच कडेपासून फुटते. अशी चीर ओळखता येते: कडेला काटकोनात सुरू होते आणि थोडं पुढे गेल्यावर नागमोडी वळते. दगड लागून फुटलेल्या काचेत चिरा एका बिंदूपासून चहूकडे जातात.

तुमच्या दरवाज्यात धोका वाढवणारी गोष्ट म्हणजे वरच्या बाल्कनीचा स्लॅब. चार फूट खोल असेल आणि दरवाज्याच्या माथ्यालगत असेल, तर ४ वाजता वरचे जवळजवळ तीन फूट सावलीत आणि खालचे चार फूट उन्हात. एकाच तावदानात अर्धं थंड, अर्धं गरम. त्यात काच कापताना कडेला टवका उडालेला असेल, किंवा आत काचेला चिकटून जाड पडदा असेल, तर आणखी वाईट.

फिल्म ठरवण्याआधी दरवाजाची काच टफन्ड (तापवून मजबूत केलेली) आहे का ते बघा. कोपऱ्यात पुसट शिक्का असतो. नसला तर संध्याकाळी पोलराइज्ड गॉगल लावून तिरकं बघा, टफन्ड काचेत ठिपके किंवा पट्टे दिसतात. टफन्ड असेल तर तडकण्याची चिंता जवळपास सोडा. साधी असेल तर फिल्मच्या डेटाशीटवर (कंपनीच्या माहितीपत्रकावर) ‘सौर शोषण’ या ओळीतला आकडा बघा, आणि कंपनीचा फिल्म-काच तक्ता मागा. कुठल्या जाडीच्या, कुठल्या जातीच्या काचेवर कुठली फिल्म चालते हे त्यात असतं. हा तक्ता ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून घेऊ नका. तारेची जाळी घातलेली काच, दुहेरी काच आणि लॅमिनेटेड काच यांवर तर तक्ता न बघता काहीही लावायचं नाही.

हा आकडा काळ्या रंगीत फिल्मचाही बघा आणि सिरॅमिकचाही. दोन्ही परतवतात थोडं, शोषतात जास्त. शिवाय काही उन्हाळ्यांत काळीचा रंग उडून जांभळट होतो.

---

वाळ्याचं ताट

दोघांचं गणित मान्य, पण दरवाज्याला फिल्म का? ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर काच तापतच नाही. तुमच्याकडे चार फुटी बाल्कनी आहे, तिच्या बाहेरच्या कडेला बांबूची चिक लावा, किंवा ७५ टक्क्यांची हिरवी नेट हुकांवर ताणा. हिवाळ्यात काढून ठेवता येते. फिल्म हिवाळ्यातलं हवंहवंसं ऊनही अडवत बसते. चिकेला खालून दोरी बांधायची सोय मात्र करा, मे अखेरच्या वादळात सुटी चिक सगळ्यात आधी काच फोडते.

आणि बेडरूमला कूलर आहे ना? कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते. ती वाट म्हणून पश्चिमेची खिडकी उघडी ठेवत असाल, तर जेवढी उघडी तेवढ्या भागात फिल्मचा उपयोग शून्य.

---

पळसपान (नागपूर)

काचेवर शिक्का नाही, गॉगलमधूनही काही दिसलं नाही, म्हणजे साधीच. दरवाज्याला चिक हे पटलं. बेडरूमची पश्चिमेची खिडकी अर्धी उघडी असते, हेही बरोबर ओळखलंत. मग तिथे काय करू? बाहेर छज्ज्याला चिक टांगायला चौथ्या मजल्यावर कोणी तयार होत नाही. आणि सोफा व लाकडी कपाटाचा रंग उडतोय, त्याचं काय?

---

उष्णांक

बेडरूममध्ये हवेची वाट बदला. पश्चिमेची खिडकी सकाळी ११ ते संध्याकाळी ६ पूर्ण बंद, आणि कूलरची हवा पॅसेजच्या दारातून पलीकडच्या खोलीच्या खिडकीने बाहेर. कूलरची हवा फिरायला हवी, ती पश्चिमेनेच गेली पाहिजे असं नाही. हे जमत असेल तर २० चौरस फुटांवर सिरॅमिक लावा, व्हीएलटी ४० ते ५०, टीएसईआर ५० च्या वर. काच साधी आहे, म्हणून गजपट्टी म्हणतात तो तक्ता आधी.

रंग उडण्याला यूव्ही हे मोठं कारण, पण एकटं नाही. दिसणारा उजेड आणि उष्णताही तेच काम करतात. त्यामुळे फिल्मने रंग उडणं लांबतं, थांबत नाही. साधी काच यूव्ही-बी बरीचशी स्वतःच अडवते, यूव्ही-ए मात्र मोठ्या प्रमाणात आत सोडते, आणि फिल्मचं खरं काम तिथे आहे. (काचेमागे बसून ड जीवनसत्त्व मिळत नाही ते काच यूव्ही-बी अडवते म्हणून, त्याचा दोष फिल्मला देऊ नका.)

---

गजपट्टी

आता घरी लावण्याबद्दल. पाच बाय चारची खिडकी दोन पल्ल्यांत असेल तर जमेल. सात फुटी पल्ला मात्र पहिल्यांदाच हातात घेणाऱ्याने करू नये.

ऊन आलेल्या काचेवर काम नाही, पाणी सरकायच्या आत वाळतं. पश्चिमेचं काम सकाळी ८ ते ११. पंखा, कूलर बंद आणि फरशी ओल्या फडक्याने पुसलेली. फिल्मखाली अडकलेला धुळीचा कण पुन्हा निघत नाही, आणि पहिल्यांदा लावणाऱ्याचं काम इथेच बिघडतं. शक्य असेल तर पल्ला वर उचलून ट्रॅकमधून काढा आणि गादीवर उभा टेकवा. आधी वरच्या बाजूचे अडकवणीचे तुकडे किंवा स्क्रू सोडवावे लागतात. दोन माणसं हवीत.

द्रावण: १ लिटर आरओचं पाणी आणि बेबी शाम्पूचे ४-५ थेंब. बोअरचं पाणी नको, त्यातला क्षार फिल्मखाली डाग म्हणून राहतो. शाम्पू जास्त झाला की गोंद धरत नाही, कमी झाला की फिल्म सरकत नाही.

काच आतल्या बाजूने भिजवून नव्या ब्लेडने एकाच दिशेने खरवडा. ब्लेड मागे ओढलं तर खाली अडकलेला कण ओरखडा पाडतो. रंगाचे थेंब आणि सिलिकॉनचे डाग कडेलाच असतात, तिथे जास्त वेळ द्या. मग पुसून पुन्हा भिजवा. फिल्म चारी बाजूंनी एकेक इंच मोठी कापा. लायनर कुठल्या बाजूला हे कळत नसेल तर कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी सेलोटेप चिकटवून ओढा, सुटेल तो पारदर्शक कागद म्हणजे लायनर. तो काढता काढता दुसऱ्याने गोंदाच्या बाजूवर भरपूर फवारत राहायचं.

फिल्म काचेवर ठेवून सरकवून जागेवर आणा, वरून पुन्हा फवारा. नाहीतर स्क्वीजी (पाणी ओढायची रबरी पट्टी) अडखळते आणि फिल्मला कायमची घडी पडते. पहिला हात वरच्या कडेलगत आडवा, मग मधून बाहेर, वरून खाली. कडेला रबराच्या पट्टीपासून दीड-दोन मिलिमीटर सोडून कापा. ही फट सोडायला लोक कचरतात, दिसायला बरं नाही म्हणून. पण फिल्म रबराला टेकली तर पाणी तिथेच साठतं आणि कड सुटायला लागते. कापून झालं की कापड गुंडाळलेल्या कार्डाने कडा दाबून काढा, आणि १५-२० मिनिटांनी पुन्हा एकदा.

नंतर काही आठवडे दुधाळ ठिपके आणि पाण्याचे फुगे दिसतील, ते आपोआप जातात. सुईने टोचू नका. पावसाळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून काम फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकलेलं बरं. महिनाभर काच धुवायची नाही. त्यानंतरही अमोनियाचा क्लीनर आणि रद्दी पेपर वर्ज्य, मऊ कापड आणि साबणाचं पाणी पुरे.

---

अर्धाउजेड

एक राहिलं: रात्री दिवे लावल्यावर बाहेरून आतलं दिसतं, फिल्म असली तरी. दिवसा दिसत नाही म्हणून पडदे काढून टाकू नका. आणि धातूचा थर असलेली फिल्म घेतली तर खोलीत मोबाइलचा सिग्नल कमी होतो. सिरॅमिकला हा त्रास नाही.

गाडीच्या काळ्या काचांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली, ती मोटार वाहन नियमांतली बाब. घराच्या काचेला तो नियम नाही, पण सोसायटीची लेखी परवानगी घेऊन ठेवा, तोंडी ‘हो’ पुढच्या कमिटीला माहीत नसतं.

---

गजपट्टी

कारागीर बोलावलात तर बिलावर या गोष्टी लिहून घ्या: फिल्मचं पूर्ण नाव आणि मालिका, टीएसईआर व व्हीएलटी, रोलचा नंबर, आणि वॉरंटीत रंग उडणं, सुटणं व काच तडकणं यांपैकी काय येतं. तिसरं बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, मुद्दाम विचारा. मोजणी कशी, तेही आधी ठरवा. रोल ६० इंच रुंद असतो, तुमच्या बेडरूमच्या खिडकीचा पल्ला अडीच फुटी, म्हणजे एका रुंदीत दोन पल्ले बसतात. काचेचं २० चौरस फूट माप असताना २८ चौरस फुटांचं बिल आलं, तर ‘वेस्टेज’ कुठे गेलं ते त्याला दाखवायला सांगा.