शब्दचर्चा: हुलातल्या ‘काहेआ’ला मराठीत काय म्हणाल?

आडवाट
सध्या मुक्काम हिलोला, हवाईच्या मोठ्या बेटावर. इथल्या एका हालाऊचा (हुलाची शाळा) कार्यक्रम पहिल्यांदाच पाहिला. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्यावर लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय.

जुन्या धाटणीच्या हुलाला काहिको म्हणतात. गिटार नाही, युकुलेले नाही. म्हणणारा जमिनीवर गुडघे टेकून बसतो, पुढ्यात इपू हेके, म्हणजे एकावर एक जोडलेले दोन भोपळे. ते खाली आपटले की घुमतं ते ‘ऊ’, आणि अंगावर बोटांची थाप पडली की ‘ते’. ऊ तेते, ऊ तेते. कडवं दोनदा म्हणून होतं, पाय चालूच असतात, आणि पुढचं कडवं लागायच्या आत नाचणाऱ्यांपैकीच कुणीतरी त्याचे पहिले दोन-तीन शब्द खणखणीत ओरडतं. म्हणणारा तिथून उचलतो. हा काहेआ. शेजारच्या आंटी म्हणाल्या (इथे वडीलधाऱ्या बाईला सरसकट आंटीच म्हणतात), कुठलं कडवं येतंय ते म्हणणाऱ्याला त्यावरून समजतं.

मी ‘हाळी’ लिहिलं होतं. संपादकांनी खोडून ‘सूचक उद्घोष’ केलं. मला परिपत्रक वाचल्यासारखं वाटलं. दुसरं काही सुचतंय?

खडीसाखर
सूचक उद्घोष! 😂 नाचता नाचता कोण करणार तो?
पण हाळीही नको. हाळी लांबच्याला घालतात. आमच्या साताऱ्याकडे बांधावरून घालायचे, “आबाऽऽ, भाकरी आलीऽऽ”. तुमचा भोपळेवाला चार पावलांवर बसलाय.

फडकरी
पोवाड्यात झीलकरी असतात तसं काही आहे का? शाहिराची ओळ संपते ना संपते तोच मागचे ‘जी जी रं जी’ करून उचलतात. आमचे मामा झील धरायचे. घरातही मामी बोलायला लागली की सवयीने जीऽऽ म्हणायचे.

आडवाट
मामा भारीच. पण इथे उलटं आहे हो. झीलकरी शाहिराच्या मागून येतो, हे आधी येतात. आणि ओरडतात ते गाणं म्हणून नाही, सुरात नसतंच ते.

बोरूबहाद्दर
संपादकांची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. ‘उद्घोष’ बोजड आहे, कबूल. पण प्रत्येक कलेची परिभाषा असते. ‘हाक’, ‘हाळी’ असे घरगुती शब्द वापरले तर ती तांत्रिक बाब आहे हे वाचकाला कळणार कसं? मी ‘पदसूचन’ सुचवतो. सुटसुटीत आणि संस्कृताशी नातं राखणारं.

खडीसाखर
हवाईच्या भोपळ्याचं संस्कृताशी नातं कशाला राखायचं?

बोरूबहाद्दर
मराठीचं राखायचं आहे, भोपळ्याचं नाही.

कोशातला किडा
बोरूबुवा, मूळ शब्दच घरगुती आहे. पुकुई-एल्बर्टच्या हवाईयन कोशात काहेआच्या एकाच नोंदीत दोन्ही अर्थ मिळतात: साधी हाक मारणं आणि हुलातलं हे. त्यांनी हाकेवर भागवलं तर आपण सूचन कशाला करायचं? ‘समे’वर येणं म्हणतो तेव्हा कुठे अडतं आपलं?

मुळापासून
मला तर ‘हुला’ हाच शब्द आपला वाटतो. हूल देणे, हुलकावणी, हुल्लड. सगळ्यात हालचाल आहे बघा. जुन्या दर्यावर्दींबरोबर गेला असेल.

कोशातला किडा
नाही गेला. हवाईयन ही पॉलिनेशियन भाषा. तिची भावंडं माओरी, सामोअन, ताहिती. ‘अलोहा’चं माओरी रूप ‘अरोहा’. असं ठराविक ध्वनिबदलाचं नातं दाखवा, मग हुल्लड करू.

मुळापासून
पुरावा नाही म्हणजे संबंध नाही असं सिद्ध होत नाही.

फडकरी
आडवाटताई, गाणं संपताना कवीचं नाव येतं का? ‘तुका म्हणे’सारखं?

आडवाट
येतं नाव, पण कवीचं नाही. शेवटी ‘हे इनोआ नो’ अमुकअमुक असं पुकारतात. ज्याच्यासाठी गाणं रचलं त्याचं नाव. परवा बरीचशी राजा कालाकाउआच्या नावाची होती. १८३० मध्ये राणी काआहुमानूने जाहीर हुलावर बंदी घातली होती. याने १८८३ मध्ये आपल्या राज्याभिषेकाला उघड उघड हुला करवला. मिशनऱ्यांचा चांगलाच तिळपापड झाला. इथला ईस्टरच्या आठवड्यातला मेरी मोनार्क महोत्सव त्याच्याच टोपणनावाचा, १९७१ पासून त्यात स्पर्धा होते. हा राजा १८८१ मध्ये जगप्रवासाला निघाला तेव्हा मुंबईलाही येऊन गेला होता.

बोरूबहाद्दर
म्हणजे नाममुद्राच की.

फडकरी
छे छे. नाममुद्रेत रचणारा असतो. हे फार तर अर्पण झालं. दोन्हीला एकच शब्द वापरलात तर तुकोबा आणि राजा एका पाटावर बसतील.

बोरूबहाद्दर
तुकोबांची हरकत नसावी. आणि एक, वरती ‘हवाईयन’ लिहिलंय कुणीतरी. मराठीत ‘हवाई’ विशेषण चालतं. हवाई भाषा, हवाई नृत्य.

खडीसाखर
हवाई दल, हवाई सुंदरी, हवाई चप्पल. चालू द्या.

जुना गिरगावकर
‘हवाईयन गिटार’ मात्र कुणी काढून घेऊ नका! चाळीत आमचे अण्णा संध्याकाळी आडवी मांडीवर घेऊन बसायचे. डाव्या हातात पोलादी दांडी, तारेवरून सरकवली की सूर रडल्यासारखा ओढला जायचा. समोरच्या आजी खिडकी लावून घ्यायच्या. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले तेव्हा अण्णांना कोण अभिमान, जणू यांनीच शिकवलं. जोसेफ केकुकू नावाच्या हवाईच्या मुलाने हे तंत्र काढलं असंही सांगायचे.

कोशातला किडा
केकुकूचं बरोबर आहे. तिकडे तिला स्टील गिटार म्हणतात. हवाईयन हे बाहेरच्यांनी लावलेलं.

जुना गिरगावकर
लावू द्या. दुकानात स्टील गिटार मागितली असती तर भांड्यांच्या गल्लीत पाठवलं असतं.

आडवाट
अहो, लेख शुक्रवारी द्यायचाय. काहिकोत गिटारच नाही! हाक, हाळी की पदसूचन?

फडकरी
‘पुकारा’ कसा वाटतो?

बोरूबहाद्दर
फारसी आहे.

खडीसाखर
पुकारणे फारसी? कोशवाले, या बरं इकडे.

जुना गिरगावकर
ती दांडी अण्णांनी पाइपाची कापून केली होती, बरं का. कुणाकडे खरीखुरी असेल तर तिला काय म्हणतात ते कळवा.